चार इंची पोलिसी रिव्हॉल्व्हरसाठी चामडी होल्स्टरची आखणी

स्मिथ अँड वेसनचे .३८ स्पेशल काडतुसांचे सहाबारी रिव्हॉल्व्हर १८९९ मध्ये ‘मिलिटरी अँड पोलीस’ या नावाने बाजारात आले, १९५७ पासून ‘मॉडेल १०’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि अनेक दशके अमेरिकी पोलिसांच्या कमरेला राहिले. त्याच्या चार इंची नळीच्या प्रकारासाठी गणवेशावरचे होल्स्टर कसे आखावे, ते येथे सांगितले आहे.

आखणीची सुरुवात मुठीपासून करावी. शस्त्र होल्स्टरमध्ये असतानाच मधले बोट चापाच्या कडीखाली नीट टेकले पाहिजे आणि तिन्ही बोटांची पकड पूर्ण बसली पाहिजे; बाहेर काढताना पकड बदलावी लागत असेल तर ते होल्स्टर कितीही देखणे असले तरी निकामी समजावे. त्यामुळे तोंडाची कड मुठीच्या लगेच खाली ठेवावी, मात्र चाप आणि त्याची कडी चामड्याने पूर्ण झाकावी. जुन्या अमेरिकी होल्स्टरांत जलद हाताळणीसाठी चाप उघडा ठेवत असत. आज ती पद्धत अनुसरू नये.

चामडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले, ३.२ ते ३.६ मिमी जाडीचे घ्यावे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे कोल्हापुरी चपलांच्या कारागिरांना परिचित आहेच. भिजवून दाबल्यावर धरलेला आकार असेच चामडे टिकवते. क्रोमने कमावलेले चामडे आकार धरत नाही आणि त्यातील क्षारांमुळे पोलादावर गंज चढू शकतो.

कागदी साचा काढताना खऱ्या शस्त्राऐवजी त्याच मापाची प्लास्टिकची प्रतिकृती वापरावी. जाड कागद दुमडून नळीची वरची बाजू घडीकडे ठेवावी, पण नेम धरण्याचे पाते आणि घडी यांत पाच-सहा मिमी जागा सोडावी. शिवण चापाच्या बाजूला येते. बाह्यरेषेपासून शिवणीचे अंतर त्या ठिकाणच्या जाडीच्या निम्मे अधिक चामड्याची एक जाडी इतके धरावे. सिलिंडर सुमारे ३७ मिमी रुंद असल्याने तिथे हे अंतर २२ मिमीच्या आसपास येते, तर नळीशी ते बरेच कमी होते. चापाच्या कडीच्या जाडीसाठी शिवणीत चामड्याची मधली पट्टी घालावी. पट्ट्याचे घर ५७ मिमी रुंदीच्या ड्यूटी बेल्टवर घट्ट बसेल असे ठेवावे, कारण सैल घर असले की शस्त्राबरोबर होल्स्टरही वर ओढले जाते.

सर्वांत जास्त विचार बंदपट्टीचा, म्हणजे शस्त्र होल्स्टरमध्ये अडकवून ठेवणाऱ्या पट्टीचा करावा. ती घोड्याच्या, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या मागच्या भागाच्या मागून जावी, म्हणजे पट्टी बंद असताना घोडा मागे ओढता येणार नाही. टिचबटण शरीराच्या बाजूला यावे आणि अंगठ्याने दाबायच्या टोकात पोलादाची पातळ पट्टी शिवावी. ती नसेल तर काही महिन्यांत चामडे मऊ पडून टोक नुसतेच वाकते आणि बटण उघडत नाही. बटणाची आतली धातूची बाजू चामड्याने झाकावी, नाहीतर शस्त्रावर ओरखडे येतात.

रापीने तुकडे कापून, आरीने ४ मिमी अंतरावर भोके पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन सुयांनी शिवावे. नंतर होल्स्टर कोमट पाण्यात भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रतिकृती आत घालावी आणि नेमाच्या पात्यावर लाकडी काडी ठेवावी, म्हणजे तिथे खाच तयार होऊन पाते पुढे अडकणार नाही. सिलिंडरच्या मागे सांगाडा अरुंद होतो, तिथे अंगठ्याने नीट दाबावे. बंदपट्टी उघडी असतानाही शस्त्र धरून ठेवणारी जागा हीच. बाकी प्रत्येक कंगोरा उठवण्याचा हौशी कारागिरांचा मोह टाळावा. वाळवणे सावलीतच करावे.

चाचणीही प्रतिकृतीनेच घ्यावी: पट्टी उघडून होल्स्टर उलटे धरले तरी प्रतिकृती पडू नये, आणि एका हाताने ओढल्यावर न अडखळता निघावी. तेल अगदी हलके लावावे, कारण जास्त तेलाने तोंड मऊ पडते. वापर नसताना रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते आणि पावसाळ्यात नळीवर गंजाचे ठिपके लवकर दिसू लागतात.