वेल्समधलं जुनं दगडी शेतघर कसं वाचावं

दारावर कोरलेलं साल आधी वाचू नका. एका घराच्या दारावर मी 17व्या शतकातलं साल पाहिलं आणि वहीत तेच घराचं वय म्हणून लिहून टाकलं. माळ्यावर चढले तेव्हा कळलं की छप्पर त्याहून निदान शंभर वर्षांनी जुनं आहे. साल खरंच होतं, पण ते दुरुस्तीचं होतं. तेव्हापासून मी भिंतींवर भरवसा ठेवत नाही, आधी छप्पर बघते.

आत जाण्याआधी मात्र घराभोवती एक चक्कर मारा. जुनं घर बरेचदा उताराच्या दिशेनं लांब पसरलेलं असतं. वरच्या टोकाला मालकाची बैठक, खालच्या टोकाला कामाच्या खोल्या, काही घरांत गुरंही. समोरासमोर दोन दारं दिसली, किंवा त्यातलं एक बुजवल्याची खूण दिसली, तर मधून आरपार बोळ होता असं समजा. दगडांत एखादी उभी सरळ दर्ज वरपासून खालपर्यंत गेली असेल, तर तिथून पुढचा भाग नंतर जोडलेला.

आता टॉर्च घेऊन माळ्यावर चला. घाई करू नका, खरं घर इथेच आहे. मध्ययुगातल्या या घरांना धुराडं नव्हतं. दिवाणखाना जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा असायचा, चूल त्याच्या मधोमध पेटायची आणि धूर छपरातूनच वाट काढायचा. त्यामुळे वासे आणि कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे लाकडी सांगाडे, काळ्याकुट्ट होत. टॉर्च तिरपी धरा. वासा नुसता जुनाट तपकिरी आहे, की त्यावर काजळीचा चकाकता थर बसलाय? खुंट्यांची डोकीही काळी आहेत का? काळ्या वाशांच्या रांगेत मध्येच एखादा स्वच्छ वासा असेल तर तो नंतर बदललेला. छपराचा एक भाग काळा आणि पलीकडचा कोरा असेल, तर त्या रेषेवर पूर्वी आडभिंत होती. मला दिवाणखान्याची लांबी अशी कितीदा तरी नुसत्या काजळीवरून मोजता आली आहे.

मुळाशी वाकडं वाढलेलं ओकचं झाड उभं चिरून, त्याच्या दोन फाळ्या माथ्यावर जोडून केलेली कैची दिसली तर थांबा. वेल्श भाषेत तिला नेनफोर्ख म्हणतात.

डोळा तयार करायचा असेल तर उत्तर वेल्समधल्या पुल्हेली गावाजवळचं पेनार्थ वाउर बघा. 15व्या शतकातलं हे दगडी घर सध्या कादू ही सरकारी संस्था सांभाळते. आत जमिनीवर उभे असलेले दोन लाकडी खांब बोळ आणि दिवाणखाना वेगळे करतात. त्यांच्याजवळ उभं राहून वर बघितलं की सगळी रचना एका नजरेत उलगडते. मग कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात 1544च्या सुमाराचं अ गारेग वाउर बघा. स्नोडोनियाच्या डोंगराळ भागातून दगड न् दगड उचलून तिथे पुन्हा उभं केलेलं हे घर धुराडं घेऊनच जन्मलं. मधली चूल गेली, म्हणून वर मजला घालता आला. जुन्या घरांतही पुढे असंच धुराडं आणि मजला घुसवला गेला. मजल्याची तुळई एखाद्या खिडकीला आडवी गेली असेल, तर तो मजला नंतरचा.

1400 साली वेल्श सरदार ओवाइन ग्लिनदूरचा इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला आणि त्या धामधुमीत देश उजाड झाला. त्याआधीचं शेतघर क्वचितच हाती लागतं. नेमकं साल हवं असेल तर ओकच्या तुळईतून बोटाहून बारीक नमुना काढून वर्षकडी, म्हणजे खोडात दरवर्षी वाढणारी वलयं, मोजून घ्या. सालीखालची शेवटची कडी शाबूत असेल तर झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं तेही कळतं. लाकूड ओलंच वापरत, त्यामुळे घर त्यानंतर एकदोन वर्षांतच उभं राहिलेलं असतं.

घर तुमचं असेल तर एक कळकळीची विनंती. ती काजळी घासू नका, वाळूच्या फवाऱ्यानं तर मुळीच नाही.