बेल वाजण्याआधीची तयारी

दीड वर्षापूर्वी एका दुपारी आई घरात एकटी असताना ‘गॅस एजन्सीतून आलोय, तपासणी सक्तीची आहे’ असं सांगत एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने शेगडीमागची नळी ओढून काढली, वाकवून तिच्यावरच्या बारीक रेषा दाखवल्या, ‘मावशी, कधीही भडका उडेल’ म्हणाला, आणि नवी नळी, लायटर, गॅस वाचवणारी जाळी असं सगळं गळ्यात मारून चौदाशे रुपये घेऊन गेला. संध्याकाळी एजन्सीत विचारलं, तर त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. जुनी नळी घालून जेमतेम वर्ष झालं होतं. पण ती तारीख आईच्या लक्षात नव्हती आणि घरात कुठे लिहूनही ठेवलेली नव्हती.

आईला भोळी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. गॅसचं नाव काढलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो, आणि उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारणं ही आपली रीतच आहे. या दोन गोष्टींचाच असे लोक फायदा घेतात. दारात माणूस उभा राहिल्यावर शांतपणे विचार करायला सवड मिळत नाही. म्हणून तो विचार आधीच करून ठेवायचा. आमच्याकडे केलेली तयारी सांगते.

पहिलं काम कागदाचं. वीजबिल आणि गॅसचं पुस्तक समोर घेऊन बसा. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक आणि एजन्सीचा फोन एका कागदावर उतरवा. त्याखाली विजेसाठी १९१२, सिलिंडरमधून गॅस गळत असेल तर १९०६, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३०, पोलिसांसाठी ११२. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांची वीज असेल, तर ज्याचं बिल येतं त्याच्या बिलावरचा नंबर घ्या. नंबर बिलावरूनच उतरवायचे, इंटरनेटवर शोधून नाही. ‘कस्टमर केअर’च्या नावाने तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. आणि नळीची तारीख विसरू नका. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षं चालते, आणि घरगुती गॅसची सक्तीची तपासणीही पाच वर्षांतून एकदाच असते. नळी कधी बदलली, तपासणी कधी झाली, हे कागदावर असलं की ‘एक्स्पायर झालीय’ म्हणणाऱ्याचं बोलणं तिथेच थांबतं.

मग दार. जाळीचा सेफ्टी दरवाजा असेल तर बाहेरचा माणूस कोण ते कळेपर्यंत तो उघडायचा नाही. नसेल तर मजबूत साखळी बसवून घ्या. विजेचं मीटर बहुतेक इमारतींत खाली जिन्याजवळ किंवा पार्किंगमध्ये असतं, त्यामुळे रीडिंगसाठी कुणी तुमच्या घरात यायचं कारणच नाही. पाईप गॅसचं मीटर मात्र अनेकदा स्वयंपाकघरात असतं, तिथे जास्त जपायला हवं. ओळखपत्रावर विसंबू नका, ते कुठल्याही दुकानात छापून मिळतं. नाव विचारा, दार लावा आणि आपल्या फोनवरून आपल्या कागदावरचा नंबर लावा. त्याने लावून दिलेल्या फोनवर ‘साहेबांशी’ बोलायचं नाही. खरा कर्मचारी दहा मिनिटं जिन्यात थांबतो. त्याला पाणी द्यावंसं वाटलं तर जाळीतून द्या, त्यात कसलाही उद्धटपणा नाही. जो घाई करतो, आवाज चढवतो किंवा दंडाची धमकी देतो, त्याला आत घेऊ नका. दोघे आले असतील तर शेजारच्यांना हाक मारल्याशिवाय दार उघडूच नका. एक जण बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा आतल्या खोलीत शिरतो.

‘गॅस गळतोय’ असं कुणी म्हणालं तर काय करायचं, हेही ठरलेलं असू द्या, कारण भीती खरी असते. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, घराबाहेर या आणि तिथून १९०६ लावा. या कशासाठीही त्या अनोळखी माणसाची गरज लागत नाही.

दारात रोख पैसे कुणालाही द्यायचे नाहीत, मग तो थकबाकी सांगो की नव्या मीटरचे पैसे मागो. जुनं मीटर काढून स्मार्ट मीटर बसवण्याचे पैसे महावितरण घेत नाही. सिलिंडर आणणाऱ्याला मोबाइलवर आलेला कोड मात्र सांगावा लागतो, आणि इथे आईचा गोंधळ व्हायचा. आम्ही ठरवलं: सिलिंडर उंबऱ्याच्या आत आला की मगच कोड. फोनवर मागितला तर नाही.

फोनवरून होणारी फसवणूक तर याहून मोठी. २०२२ मध्ये असंख्य लोकांना एकच मेसेज आला: मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्याला फोन करा. फोन केला की एखादं अ‍ॅप टाकायला किंवा दहा रुपये भरून बघायला सांगायचे, आणि खातं रिकामं व्हायचं. अंधाराची भीती दाखवायला रात्रीची वेळ मुद्दाम निवडलेली. कायदा वेगळंच सांगतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. महावितरणचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल (MSEDCL, महावितरणचं इंग्रजी लघुरूप) ही अक्षरं असतात. आता ‘बिल अपडेट’ नावाच्या एपीके फाइली (उघडल्या की फोनमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या) व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पाईप गॅसच्या नावानेसुद्धा. त्या उघडायच्याच नाहीत. मुलांनी आईवडिलांचा फोन हातात घेऊन अनोळखी अ‍ॅप टाकण्याची परवानगी बंद करावी, एनीडेस्कसारखं आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं काही असेल तर काढून टाकावं, आणि यूपीआय थोडेच पैसे असलेल्या खात्याला जोडावं.

तरीही पैसे गेलेच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँक, दोन्हीकडे त्याच क्षणी कळवा. बँकेकडून तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर पुढे जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची असते. म्हणून ‘मुलगा घरी आला की सांगू’ असं करत बसू नका. आणि मुलांनो, रागावू नका. आईने चौदाशे रुपयांची गोष्ट मला संध्याकाळपर्यंत सांगितली नव्हती, केवळ मी ओरडेन म्हणून. तोवर तो माणूस आमच्या गल्लीतली आणखी दोन घरं करून गेला होता.

एका रविवारी मी दाराबाहेर उभी राहून बेल वाजवली आणि ‘गॅस तपासणी’ म्हणाले. पहिल्यांदा आईने सवयीने कडी काढली. दुसऱ्यांदा तिने जाळीतूनच नाव विचारलं आणि कागदाकडे गेली. पण तो होता फ्रिजवर, आणि तिचा चष्मा आतल्या खोलीत. आता तो कागद दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलाय, आणि आकडे जाड मार्करने बोटभर उंचीचे काढलेत.