जलपर्णीखालच्या माशांची पाहणी कशी करावी

पुण्यातल्या पाषाण तलावावर किंवा मुळा-मुठेच्या पुलाखाली जलपर्णी पसरली की ‘आता पाण्यात मासे आहेत का’ असे बहुतेक जण विचारतात. पाहणी करणाऱ्याने मात्र ‘कोणते मासे आहेत’ हा प्रश्न धरून कामाला लागावे, कारण जलपर्णी सहसा सगळे मासे संपवत नाही. त्यांच्यातल्या कोणत्या जाती टिकणार, हे ती बदलून टाकते.

दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर पोसते व अनुकूल दिवसांत दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. थर सलग झाला की ऊन पाण्यात उतरत नाही, प्राणवायू देणारे शैवल आणि बुडालेल्या पाणवनस्पती खुंटतात, वारा पाण्याला लागत नाही आणि तळाशी कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात.

म्हणून आधी विरघळलेला प्राणवायू मोजावा, आणि तोही सूर्योदयापूर्वी. रात्रभराच्या श्वसनानंतर तो तेव्हाच सर्वांत कमी असतो, आणि दुपारचा आकडा हमखास फसवतो. दाट थराखाली, थराच्या कडेला आणि उघड्या पाण्यात अशा तीन जागा ठरवून प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाजवळ व तळाजवळ मोजणी करावी. पुण्याच्या उंचीवर 30 अंश तापमानाचे पाणी लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. 5 च्या खाली अनेक माशांना ताण येऊ लागतो आणि 2 च्या खाली फार थोडे टिकतात. मोजणी काठावरून किंवा होडीतून करावी, थरात पाय घालू नये.

त्यानंतर परवानगी घेऊन, शक्यतो स्थानिक भोई मंडळींच्या सोबतीने, त्याच तीन जागी सारख्याच वेळेसाठी जाळे लावावे आणि मासे जातवार मोजून पाण्यात सोडावेत. केवळ एकूण वजन लिहिणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक होय. मरळ, मांगूर आणि शिंगी हवेतूनही श्वास घेतात, चिलापी कमी प्राणवायूत तग धरते. रोहू, कटला किंवा महसीर यांना ती सोय नाही. जाळे जड लागले, पण त्यात चिलापी आणि मांगूरच असले, तर ती चांगली बातमी नव्हे. ब्रिटिश अधिकारी व निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये ज्या महसीराचे वर्णन प्रसिद्ध केले, तो याच मुळा-मुठेतला होता, हे येथे आठवावे. अर्थात त्याच्या ऱ्हासाचे सगळे खापर जलपर्णीवर फोडता येणार नाही, सांडपाणी आणि धरणे यांचाही त्यात वाटा आहे.

कडेच्या नोंदी निराळ्या ठेवाव्यात. लोंबत्या मुळांत किडे आणि माशांची पिल्ले आसरा घेतात, त्यामुळे विरळ पट्ट्यात उघड्या पाण्यापेक्षा अधिक पिल्ले सापडू शकतात. यावरून जलपर्णी उपकारक असल्याचा निष्कर्ष मात्र काढू नये. थर सलग होताच हा लाभ संपतो.

जलपर्णी काढली जाणार असेल, तर आधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी करावी. तणनाशकाने मारलेला थर एकदम पाण्यात कुजला तर उरलेला प्राणवायूही जातो. म्हणून ती टप्प्याटप्प्याने बाहेर काढून पाण्यापासून दूर नेणे बरे. पावसाळ्यात नदीचा लोंढा ती भीमेमार्गे उजनीकडे वाहून नेतो, तेव्हा जुलैतील मोकळे पाणी पाहून वही मिटू नये. गाळातले बी अनेक वर्षे जिवंत राहते. दिवाळीनंतर पुन्हा त्याच तीन जागी, त्याच पहाटेच्या वेळी मोजणी करावी.