कॅरिबियन रमचा ब्लेंड बसवताना

रमचा ब्रँड काढायला स्वतःची भट्टी लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या ई अँड ए स्खेरसारख्या पेढ्या निरनिराळ्या बेटांची रम घाऊक विकतात, ब्लेंडही करून देतात. नमुने मागवतानाच विचारून घ्या, की हाच मार्क (म्हणजे भट्टीने ठरवलेला रमचा विशिष्ट प्रकार) दोन वर्षांनीही मिळणार आहे का? एखाद्या दुर्मिळ पिंपावर सूत्र बेतलं, तर पहिली बॅच वाहवा मिळवते आणि दुसरी तिच्यासारखी लागत नाही.

सुरुवातीला चार घटक पुरेत. पाया त्रिनिदादच्या हलक्या कॉलम स्टिल (उंच स्तंभाच्या, अखंड चालणाऱ्या भट्टीतल्या) रमचा. तिला गोलाई देणारी बार्बाडोसची. गयानाची जड, काकवीची आठवण देणारी. डायमंड डिस्टिलरीतली पोर्ट मोरांटची लाकडी पॉट स्टिल (एकेक घाणा काढणारी हंड्याची भट्टी) याच मालासाठी प्रसिद्ध. (नकाशात गयाना दक्षिण अमेरिकेत आहे, रमच्या बाजारात मात्र ती कॅरिबियनच.) आणि जमैका. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, फणसाचा तो वास एस्टर या सुगंधी संयुगांचा असतो. तिथल्या हॅम्पडेन डिस्टिलरीच्या डीओके मार्कमध्ये 100 लिटर शुद्ध अल्कोहोलमागे 1500 ते 1600 ग्रॅम एस्टर असतात. तो ब्लेंडमध्ये 1 टक्का घातला तरी बाकी सगळ्यांना गप्प बसवतो. नवख्याने मध्यम एस्टरचा मार्क घ्यावा.

चाचणीआधी प्रत्येक घटक पाणी घालून 40 टक्के अल्कोहोलवर आणा. मगच 100 मिलीच्या मोजपात्रात 60 त्रिनिदाद, 30 बार्बाडोस, 7 गयाना, 3 जमैका अशी मांडणी करून बघा. जमैका पिपेटने अर्ध्या-अर्ध्या मिलीने बदला. ब्लेंड नुसता चाखून भागत नाही. लिंबू-साखरेच्या डाकिरी कॉकटेलमध्ये तो उठून दिसतो का, हेही पाहा. बारमध्ये तो बहुधा कॉकटेलमध्येच प्यायला जाणार.

सर्वांत महाग चूक होते ती टाकीजवळ. तयार 1000 लिटर हवेत, म्हणजे 400 लिटर शुद्ध अल्कोहोल. त्याचे 3 टक्के 12 लिटर. जमैकाचा ड्रम 80 टक्क्यांचा असेल तर त्यातून 15 लिटरच काढायचे. ‘1000 चे 3 टक्के’ म्हणून कुणी 30 लिटर ओतले, की जमैका दुप्पट. सगळा हिशेब शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमध्येच ठेवा.

पाण्याचंही गणित सरळ नाही. 65 टक्क्यांच्या 100 लिटरची 40 टक्क्यांवर 162.5 लिटर रम होते, पण त्यासाठी पाणी सुमारे 64 लिटर लागतं, कारण दोन्ही मिसळल्यावर आकारमान आटतं. पाणी खनिजमुक्तच हवं. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा साका काही आठवड्यांनी बाटलीत दिसतो. मिश्रण दोन-तीन आठवडे टाकीत मुरू द्या, मग नमुना दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. धुरकटला, तर गाळणी बदलायची की बाटलीची तीव्रता 46 टक्क्यांवर न्यायची, हे लेबल छापण्याआधी ठरवा.

साखर घालायचा मोह होतोच. युरोपीय संघात मर्यादा लिटरला 20 ग्रॅमची. एवढी साखर असलेली 40 टक्क्यांची रम घनतेवरून तीव्रता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर 35 च्या आसपास दिसते, तेव्हा तीव्रता ऊर्ध्वपातन करूनच तपासा. युरोपीय संघात किमान तीव्रता 37.5 टक्के, अमेरिकेत 40. वय लिहायचं तर सर्वांत तरुण घटकाचं. 2 वर्षांची रम थोडीशी असली तरी ‘8 वर्षे’ छापता येत नाही. गडद रंग बहुधा कॅरॅमलचा असतो, त्यावरून वय जोखू नका. किंमत उलटी काढा, म्हणजे विक्रीच्या किमतीतून बाटलीचा साचा, बूच आणि अबकारी कर वजा करत मागे या. आतली रम त्यात अनेकदा सर्वांत स्वस्त निघते.

प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या आणि प्रत्येक घटकाचे 200 मिली सीलबंद ठेवा. दुसऱ्या बॅचला तीन ग्लास भरा, दोन जुने, एक नवा, आणि न सांगता चाखायला द्या. वेगळा ग्लास वारंवार अचूक ओळखला गेला, तर आधी जमैकाचं प्रमाण तपासा.