बहात्तर तासांच्या नादात गेलेले सात महिने

पीआरसी२, म्हणजे पेशीतली जीन्स दाबून ठेवणारं प्रथिनांचं कॉम्प्लेक्स, यावर काम मिळालं तेव्हा मला सगळं सोपं वाटलं होतं. औषध टाकायचं, कॉम्प्लेक्स बंद पडणार, पेशी मरणार, पेपर होणार. सात महिने यातलं काहीच झालं नाही.

माझ्याकडे जी४०१ होती, ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर या कॅन्सरची सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी. तिच्यात एसएमएआरसीबी१ हे प्रथिन नसतं, त्यामुळे पीआरसी२ ला आवर घालणारं कोणी उरत नाही. पीआरसी२ मधलं एन्झाइम म्हणजे ईझेडएच२. टॅझेमेटोस्टॅट या औषधाने ते अडवलं की या पेशी थांबतात, हे २०१३ मध्येच छापून आलेलं. एपिथेलिऑइड सार्कोमा या कॅन्सरसाठी या औषधाला जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. आणि माझ्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये ७२ तासांनी एमटीटी केलं (जिवंत पेशी जितक्या जास्त तितका जांभळा रंग गडद) की औषधाची ओळ आणि नुसत्या डीएमएसओची, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्या द्रावकाची कंट्रोल ओळ, दोन्ही सारख्याच जांभळ्या! वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिन किती आहे ते बघायच्या चाचणीत, ईझेडएच२ चा बँड जसाच्या तसा. औषधच खराब निघालं म्हणून नवीन मागवलं, त्यात दीड महिना गेला.

मग सीनियर म्हणाले, "डोस वाढव गं." ५० मायक्रोमोलर दिला आणि पेशी मेल्या. मी आनंदाने स्लाइड बनवली. ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी एवढंच विचारलं, "एसएमएआरसीबी१ शाबूत असलेल्या पेशींचं काय झालं?" लावून पाहिलं, त्याही तशाच मेल्या, म्हणजे मरण्याचा पीआरसी२ शी संबंधच नव्हता. वर १० मिलिमोलरच्या स्टॉकमधून ५० मायक्रोमोलर म्हणजे ०.५ टक्के डीएमएसओ, आणि माझ्या कंट्रोलमध्ये ०.१. ती स्लाइड आठवली की अजून कान गरम होतात. 'डोस वाढव' सांगणाऱ्यापेक्षा कंट्रोल विचारणारा माणूस शोधा, मग तो कितीही खडूस असो.

आता खरी मेख. टॅझेमेटोस्टॅट ईझेडएच२ ला नष्ट करत नाही, त्याचं काम अडवतं. प्रथिन जागेवरच राहतं, म्हणून बँडही राहणारच! बघायची ती एच३के२७एमई३ ही खूण, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एच३ वर ईझेडएच२ ने लावलेले मिथाइल, आणि तीही एकूण एच३ च्या तुलनेत. पण आधी लागलेल्या खुणा औषध पुसत नाही, नव्या लागू देत नाही एवढंच. पेशी विभागली की जुने हिस्टोन दोन्हीकडे वाटले जातात, मधे नवे कोरे येतात आणि खूण विरळ होते. ताकात पाणी घालत जावं तसं. दोन-चार दिवसांत ती ओसरते, त्यानंतर दबलेली जीन्स जागी होतात, आणि पेशी थांबलेल्या दिसायला आठवडा उलटतो. ७२ तासांना मी जे 'काम करत नाही' म्हणून वहीत लिहिलं, ते काम नुकतं सुरू झालेलं होतं. चौदा दिवसांचा प्रयोग लावा. दर तीन-चार दिवसांनी पेशी मोजा, पुन्हा सारख्याच संख्येने पेरा, ताज्या मीडियात ताजं औषध घाला. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

खूण दिसतच नसेल तर लगेच रडू नका, मी रडले होते. साध्या आरआयपीए बफरने पेशी फोडून लायसेट केलं की बरेचसे हिस्टोन क्रोमॅटिनसोबत (डीएनए आणि त्याची प्रथिनं) तळाच्या गाळात, पेलेटमध्ये जातात, आणि ते पेलेट आपण फेकून देतो. ॲसिड एक्स्ट्रॅक्शन करा, म्हणजे ॲसिडने हिस्टोन वेगळे काढा. एच३ जेमतेम १५ किलोडाल्टनचं, त्यामुळे १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन.

आणि कॉम्प्लेक्स 'बंद केलं' असं मोघम लिहू नका. एन्झाइम अडवणं वेगळं, ईईडी हे पीआरसी२ मधलं दुसरं प्रथिन काढून अख्खं कॉम्प्लेक्स विस्कटणं वेगळं. काही पेशींना ईझेडएच२ ने मिथाइल लावण्याची गरज नसते, त्याचं नुसतं असणं पुरतं. तिथे इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारं औषध, फिका पडतो आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसता.

सेल लाइन शेजारच्या लॅबमधून टी-२५ फ्लास्कमध्ये उचलून आणू नका. ती तीच आहे याचा एसटीआरचा, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या चाचणीचा कागद हवा, मायकोप्लाझ्मा या पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची टेस्ट हवी. 'आमच्याकडे नीट वाढते' हा पुरावा नव्हे.

प्रयोग लावताना कॅलेंडरही बघा, चौदा दिवसांत एखादा सण येतोच. माझा अकरावा दिवस लक्ष्मीपूजनाला आला. पेशी मोजल्या तेव्हा औषधाच्या फ्लास्कमध्ये कंट्रोलच्या निम्म्याही नव्हत्या. खात्री बसेना म्हणून पुन्हा मोजल्या, आणि घरी पोचेपर्यंत पूजा आटोपली होती.