कॉलेजचं दिवाळीआधीचं वार्तापत्र काढताना या चुका टाळा

एका ऑक्टोबरच्या अंकात आम्ही आमच्या एका प्रयोगशाळा परिचरांच्या सेवानिवृत्तीची बातमी छापली. चार ओळी आणि एक फोटो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली होती. अंक आला तेव्हा त्यांच्या आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला होता. ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “सर, गावी न्यायचा होता अंक.” साताऱ्यात वार्तापत्राचं काम करताना माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या, पण ही अजून सलते. प्राध्यापकांचं नाव वर्षातून दहा वेळा कुठे ना कुठे छापून येतं. परिचर, शिपाई, लिपिक यांचं नाव कित्येकदा साऱ्या नोकरीत एकदाच छापलं जातं, तेही निरोपाच्या वेळी. ते एकदा तरी बरोबर यायला हवं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या अंकात चुका जास्त होतात, कारण सगळं एकदम अंगावर येतं. गणपती जातात न जातात तोच युवा महोत्सवाच्या तालमी, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम, नवरात्र, पहिल्या सत्राच्या परीक्षा, आणि प्रेसवाला सांगतो की दिवाळीच्या आधी हवं असेल तर मजकूर परवापर्यंत द्या. मग विभागांकडून बातम्या व्हॉट्सॲपवर येतात आणि कुणीही न वाचता त्या पुढे जातात.

नावं पगारपत्रकावरून उचलू नका

आमच्या ‘ळ’ची चूक इथेच झाली. पगारपत्रकात नावं इंग्रजीत असतात. इंग्रजीत ‘ळ’ही नाही आणि ‘ण’ही नाही. सॉफ्टवेअरने ती यादी मराठीत केली की माळी, धुमाळ, गोळे, काळे या सगळ्यांची वाट लागते. त्यातून कराडजवळ काले नावाचं गाव आहे, म्हणजे ‘काळे’ आणि ‘काले’ दोन्ही शब्द आपल्याकडे खरे. यंत्राला कोणता हवा ते कळत नाही, माणसालाच विचारावं लागतं.

सेवापुस्तकातलं नाव आधाराला घ्या, पण अखेरचा शब्द त्या व्यक्तीचा. व्याकरणाने ‘शीतल’ बरोबर असलं तरी एखादी बाई जन्मभर ‘शितल’ अशी सही करत आली असेल, तर अंकात ‘शितल’च छापा. शुद्धलेखनाचा नियम बातमीला लागू करा, माणसाच्या नावाला नको. लग्नानंतर नाव बदललेल्या किंवा न बदललेल्या प्राध्यापिकांनाही विचारूनच लिहा. एका बातमीत माहेरचं आणि दुसरीत सासरचं नाव आलं, तर वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बाई वाटतात.

आपल्याकडे शिपायांना सगळे मामा म्हणतात, सेविकांना मावशी. बोलताना ती माया आहे. छापताना मात्र ‘आपले लाडके मामा निवृत्त’ असा मथळा करून आत फक्त आडनाव देऊ नका. पूर्ण नाव, पद, विभाग, रुजू झाल्याची तारीख, सारं द्या.

आणि ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात त्यांना शोधा. तासिका तत्त्वावर शिकवणारे, कम्युनिटी कॉलेजच्या कौशल्य अभ्यासक्रमांना गावातून येणारे गॅरेजवाले, शिवणकाम शिकवणाऱ्या ताई. युवा महोत्सवात लोकनृत्याला बक्षीस मिळालं की नाचणाऱ्यांची नावं येतात. ढोलकीवाला राहतो, हार्मोनियमवाला राहतो, पोशाख शिवणारी राहते. संघ व्यवस्थापकाकडून यादी घेताना “आणि साथीला कोण होतं?” हा प्रश्न मी न चुकता विचारतो.

पदं आणि पदव्या

सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. सवयीने आपण सगळ्यांनाच ‘प्रा.’ लावतो, त्याला माझी हरकत नाही. पण पदोन्नतीच्या बातमीत नेमकं पद लिहिलंच पाहिजे. कॅसखालची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेखालची, पदोन्नती बहुधा मागच्या तारखेपासून लागू होते आणि आदेश बराच उशिरा हातात पडतो. बातमीत कोणती तारीख लिहिता आहात, आदेशाची की लागू झाल्याची, हे स्पष्ट करा. नाहीतर शेजारच्या टेबलावरचा सहकारी, जो नंतर पात्र झाला, तो विनाकारण दुखावतो.

पीएच.डी.च्या बाबतीत घाई होते. मौखिक परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी पेढे वाटले जातात, वाटावेतच. मात्र नावामागे ‘डॉ.’ लावून बातमी करायची ती विद्यापीठाची अधिसूचना निघाल्यावर. प्रबंधाचं शीर्षक आणि मार्गदर्शकाचं नाव संशोधकाकडून लेखी घ्या. फोनवर ऐकून लिहिलेलं शीर्षक हमखास चुकतं.

‘प्रभारी’ हा शब्द गाळू नका, तसाच तो चुकून डकवूही नका. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर किंवा अधिसभेवर कुणी गेलं असेल तर ते निवडून आले की नामनिर्देशित झाले हेही पाहा. आमच्याकडे निवडणूक लढवून आलेल्या एका बाईंची बातमी ‘नियुक्ती’ म्हणून गेली. त्यांनी तीन जिल्हे पालथे घालून मतं मिळवली होती. त्यांचे श्रम आम्ही एका शब्दात पुसले.

निवृत्तीची तारीख

निवृत्ती वाढदिवसाला होत नाही. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. ज्यांचा जन्म १ तारखेचा, ते आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. जुन्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली पुष्कळ मंडळी आहेत, म्हणून ३१ मे रोजी निरोपांची रांग लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवृत्त होणारे एखाददुसरेच. त्यांचा निरोप परीक्षा आणि सुट्टीच्या गडबडीत उरकला जातो. या लोकांना अंकात थोडी जास्त जागा द्या, असं मी आग्रहाने सांगेन. आणि ‘प्रदीर्घ सेवा’ एवढ्यावर भागवू नका. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून दोन ओळी मागून घ्या.

जयंत्या, वर्धापनदिन आणि वजाबाकी

या तीन महिन्यांत तारखांची दाटी असते, आणि मागच्या वर्षीचा मजकूर उघडून फक्त साल बदललं की फसगत होते. २२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती, जन्म १८८७, कुंभोजचा. पुण्यतिथी ९ मे. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले इथे झाली, साताऱ्यात नव्हे. संस्था साताऱ्याला आली १९२४ मध्ये. साताऱ्यातल्या कॉलेजच्या अंकात हे चुकलं तर फार वाईट दिसतं. २४ सप्टेंबर राष्ट्रीय सेवा योजना दिन, योजना सुरू झाली १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. १८ नोव्हेंबर शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन, स्थापना १९६२.

कितवा वर्धापनदिन, हा घोळ दरवर्षी होतो. चालू सालातून स्थापनेचं साल वजा करा, तो आकडा म्हणजे पूर्ण झालेली वर्षं आणि तितकावाच वर्धापनदिन. त्यात एक मिळवलात तर त्या दिवशी सुरू होणारं वर्ष. विद्यापीठाला १८ नोव्हेंबर २०१२ रोजी ५० वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी ५१ वं वर्ष लागलं. ‘पदार्पण’ लिहायचं असेल तर एक मिळवायचा, ‘पूर्ण’ लिहायचं असेल तर नाही.

वनस्पतिशास्त्राची कासची सहलही याच अंकात येते. कास एकटंच जागतिक वारसास्थळ असल्यासारखं लिहिलं जातं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाची मालिका गेली, एकूण ३९ ठिकाणं. त्यात कासबरोबर कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. सांगलीच्या कॉलेजांनी चांदोलीचा उल्लेख जरूर करावा.

मजकूर फुटतो तेव्हा

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण. प्रेसमध्ये अंक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतो, आपण मजकूर युनिकोडमध्ये देतो. नंतर संकेतस्थळासाठी तोच मजकूर परत युनिकोडमध्ये आणतो. या जाण्यायेण्यात अक्षरं मोडतात. आपल्या भागात त्याची खूण ताबडतोब दिसते: ‘साताऱ्यात’चं ‘सातार्यात’ होतं आणि ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’.

कारण असं की आडव्या रफाराचा ‘ऱ्य’ टाइप करायला खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो, मग हलन्त, मग ‘य’. साधा ‘र’ वापरला की रफार वर जाऊन बसतो. हे एका फटक्यात दुरुस्त करण्याचा मोह होतो. मी एकदा साऱ्या फाइलमध्ये ‘र्य’ शोधून ‘ऱ्य’ घातलं, आणि ‘प्राचार्य’, ‘कार्यक्रम’, ‘सूर्य’ सगळे बिघडले. ते पुन्हा सुधारायला रात्र गेली. म्हणून सरसकट बदलू नका. साताऱ्या, कऱ्हाड, शेतकऱ्या, विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या, पायऱ्या, दुसऱ्या असे आपल्या अंकात नेहमी येणारे शब्द एका कागदावर लिहून ठेवा आणि एकेक शब्द शोधून बदला. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ही तपासा: ‘ॲकॅडमी’, ‘कॉलेज’. आणि संगणकावर बरोबर दिसलं म्हणून थांबू नका. प्रेसने काढलेल्या कागदी प्रुफावरच शेवटची खात्री करा.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन साधारण १६०० पिक्सेलवर येतो. छपाईच्या ३०० डीपीआयला तो पाच इंचांपलीकडे ताणला की धुरकट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटोच्या आत साठलेली जागेची माहितीही फोटो म्हणून पाठवताना गळून पडते, आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) नेमकी तीच हवी असते. फोटोखाली नावं डावीकडून क्रमाने द्या, ‘मान्यवर’ असं लिहून मोकळे होऊ नका.

निधनवार्ता घरच्यांशी बोलल्याशिवाय कधीही छापू नका. ग्रुपवर आलेला संदेश पुरेसा नाही. आणि सहकाऱ्याच्या आईचं निधन असेल तर ‘अमुक सरांच्या मातोश्री’ एवढ्यावर थांबू नका, त्यांचं स्वतःचं नाव लिहा.

चूक छापून गेलीच तर

आधी त्या माणसाला जाऊन भेटा, शुद्धिपत्र नंतर. शुद्धिपत्र पुढच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात यावं, आणि त्यात चुकीचा शब्द परत छापू नये, फक्त बरोबर मजकूर द्यावा. संकेतस्थळावरची पीडीएफ त्याच दिवशी बदला, फाइलच्या नावात तारीख घाला, जुनी प्रत कार्यालयात ठेवा. पुढे कुणाला पेन्शनच्या किंवा कॅसच्या फाइलला कात्रण जोडायचं असेल तर कोणती प्रत खरी हे कळलं पाहिजे.

त्या परिचरांसाठी आम्ही ते एक पान पुन्हा छापून घेतलं, पंचवीस प्रती. मी ते त्यांच्या गावी घेऊन गेलो. तेव्हापासून प्रुफ प्रेसला परत करण्याआधी दोन दिवस ग्रंथालयाच्या काउंटरवर असतं, शेजारी लाल पेन दोऱ्याने बांधलेलं. ज्याचं नाव अंकात आहे त्याने येऊन आपल्या नावाखाली सही करायची. ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांना ग्रंथपाल मॅडम मोठ्याने वाचून दाखवतात, काना-मात्रेसकट.