जुन्या पिकअपला टर्बो इंजिन बसवताना

कांदा भरून तुळजापूरचा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवरच रडायची. ऑइलचं झाकण उघडलं की भकाभका धूर, म्हणजे रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं आतलं अस्तर) संपलेले. जुनंच बांधून घेण्यापेक्षा त्याच कंपनीचं टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेलं इंजिन घेतलं, पण मेकॅनिकल डिझेल पंपाचं. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमानं डिझेल सोडणारी पद्धत म्हटली की ईसीएम (तो कॉम्प्युटर), सेन्सर, वायरिंग सगळं पाठोपाठ येतं. अक्कलकोट रोडचा आमचा मिस्त्री त्यात हात घालत नाही, आणि बरोबरच करतो.

बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सचं क्लचवरचं आवरण) इंजिन सरळ बसलं. वेळ गेला तो फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार), सायलेन्सरचा पाइप आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जागेत. क्लच प्लेट नव्या फ्लायव्हीलच्या (इंजिनमागचं जड चाक) मापाची घेतली, पण तिचे दाते जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आधी सरकवून पाहिले. त्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंगही तेव्हाच बदललं. नंतर त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रेडिएटर मोठा टाकला. सोलापूरचा मे महिना, तिथं कंजुषी कसली?

पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारला. टर्बो कोरडा फिरवायचा नाही. मग हातपंपानं डिझेलच्या लाइनमधली हवा काढली.

कागदांचं मात्र आधी बघा. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे बदलानंतर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करायची. बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, उद्या विम्याचा क्लेम तिथंच अडकतो.